दुसरी खूण

ऑक्टोबर संपता संपता धरणवाले पाणी सोडायला लागले. दर वर्षी सोडतात. हिवाळ्यातल्या पावसाला जागा हवी म्हणून धरण आधीच उतरवून ठेवायचं, आणि मग आमच्या या टेनेसीतल्या फुगवट्याचा काठ रोज वीतभर खाली सरकतो. आठ-दहा दिवसांत लाल चिखल उघडा पडतो, मेलेल्या शिंपल्यांचा वास सुटतो, बुडालेल्या जुन्या रस्त्याचा एक तुकडा वर येऊन उन्हात वाळत पडतो. पाण्यात हात घातला तर बोटांतून कळ येते. असं झालं की बास मासा काठ सोडून खोल उतरतो आणि पुरुषांनी बुडवून ठेवलेल्या फांद्यांच्या ढिगांत जमा होतो. वर्षातले हे चार-पाच आठवडे आमच्याकडचे पुरुष घरात असून नसल्यासारखे. घराला आग लागली तरी आधी वारा कुठला आहे ते बघतील.

त्या वर्षी डॉयल हॅस्किन्स मात्र खुर्चीत होता.

ऑगस्टमध्ये टोमॅटोला पाणी घालताना तो पडला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उरले दोन शब्द, ‘हं’ आणि ‘तिकडं’. चाळीस वर्षं नावांच्या मोटारी दुरुस्त केलेला माणूस, बोटाच्या एका फटक्यात बिघाड सांगायचा, त्याला आता शर्टाचं बटण लावता येईना. त्याची बायको ओपल काठावरच्या पाहुण्यांच्या खोल्या झाडायला जायची, तेवढा वेळ मी त्याच्यापाशी बसायची. मी मर्टल, शेजारची. माझा नवरा हॉब आणि डॉयल शाळा बुडवून मासे धरायचे तेव्हापासूनचे जोडीदार.

इथं एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्याकडे प्रत्येकाचे आपले ढीग असतात. पाणी उतरलं की सीडरची झाडं तोडायची, बुंध्याला सिमेंटचे ठोकळे बांधायचे आणि नावेतून नेऊन मनाजोगत्या जागी बुडवायचे. वर काही दिसत नाही. जागा लक्षात ठेवायची ती दोन खुणांनी. अमुक खांब तमुक मनोऱ्याच्या आड आला आणि दुसऱ्या बाजूला टाकी टेकडीच्या खांद्यावर आली, की नाव बरोबर ढिगावर. दुसऱ्याच्या ढिगावर, तो जिवंत असताना, कुणी गळ टाकत नाही. मरायच्या आधी माणूस आपल्या खुणा एकालाच सांगून जातो. त्यामुळं कुणी फार खोकायला लागलं की दुकानातले टवाळ विचारतात, “काय रे, खुणा सांगून टाकल्यास का?” आणि सगळे हसतात. डॉयल पडला त्या दिवसापासून हा विनोद दुकानात कुणी केला नव्हता.

मंगळवारी आम्ही दोघी मिळून त्याला आंघोळ घालायचो. तो मंगळवार थंड होता. मी त्याला काखेतून धरलं होतं आणि ओपल त्याची पाठ चोळत होती. एवढा आडवा माणूस, पण पाठीची हाडं मोजता येत होती. त्याची नजर आमच्याकडे नव्हतीच. खिडकीतून खाली पाण्याकडे होती. एकाएकी त्यानं डाव्या हातानं काचेवर थाप मारली. मग दुसरी. साबणाचं पाणी ओपलच्या तोंडावर उडालं.

“अरे, काच फोडशील! काय झालं काय तुला?”

“तिकडं,” डॉयल म्हणाला. “तिकडं! तिकडं!”

ओपलनं बाहेर पाहिलं. खाडीच्या तोंडाशी एक हिरवी नाव उभी होती. एक माणूस, वाकलेला, गळाची काठी खाली धरून. हलत नव्हता. आणि ती जागा कुणाची हे ओपललाच काय, काठावरच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक होतं. डॉयलनं तिथं सोळा वर्षांपूर्वी तीन झाडं बुडवली होती.

“कुणाची गं ती नाव?” तिनं विचारलं.

मला ठाऊक होतं. त्या नावेला मीच रंग लावला होता. “उन्हानं नीट दिसत नाही बाई,” मी म्हटलं आणि टॉवेल शोधायला वळले. आभाळ पार भरलेलं होतं. उन्हाचा पत्ता नव्हता.

ओपलनं डॉयलचं अंग पुसलं, सदरा घातला, मेलेला हात बाहीत घालताना नेहमीसारखं एक एक बोट धरून आत सरकवलं. तो अजून काचेकडे हात करत होता. “बघ कसा जीव तुटतोय त्याचा,” ती म्हणाली. “अजून श्वास चालतोय माणसाचा. आणि हे आले गिधाडासारखे.”

मी घरी आले ती पाय ओढत. आदल्या दिवशी माझ्या मोरीत दोन मासे पडले होते, पोटं टम्म फुगलेले, तीन-तीन पौंडांचे. कुठले विचारलं तर हॉब म्हणाला होता, इकडचेच. मला तेव्हाच कळायला हवं होतं. खरं म्हणजे कळलं होतं. पण चार दिवसांनी ताजा मासा मिळाला होता, आणि मी पीठ लावून तळला.

संध्याकाळच्या आधी ओपल आमच्या अंगणात आली. हॉब झाडाला ठोकलेल्या फळीवर मासे साफ करत होता. ती एप्रनवरच आली होती. बुटांना गुडघ्यापर्यंत चिखल.

“किती मिळाले, हॉब?”

हॉबनं सुरी खाली ठेवली.

“नाही, सांग की. मोठे आहेत. छान आहेत. माझ्या नवऱ्याच्या मयताला आला होतास का रे तू? मला आठवत नाही. मी तर तिथं असायला हवी होते.”

“ओपल, ऐक…”

“काय ऐकू? ऑक्टोबरात माझ्या पायऱ्या नीट करून दिल्यास. मी म्हटलं, भला माणूस. रविवारी सॉसेज घेऊन आलास, त्याच्याजवळ तासभर बसलास. मापं घेत होतास होय रे त्याची?”

“ओपल, अगं…” मी म्हटलं.

“तू गप्प बस, मर्टल. तुला ऊन लागलंय.”

हॉबचं तोंड पांढरं पडलं. माझा नवरा बोलण्यात कच्चा. भांडण आलं की त्याची जीभ टाळूला चिकटते आणि समोरच्याला वाटतं, हा चोर. त्यानं हात विजारीला पुसले, डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या आतल्या पट्टीतून एक घडी केलेला कागद काढला. दवाखान्यात हात पुसायला देतात तसला जाड कागद. ओला होऊन वाळलेला.

“त्यानंच दिलं,” तो म्हणाला. “सप्टेंबरात. दवाखान्यात. मी नको नको म्हणत होतो.”

ओपलनं कागद उघडला. पेन्सिलीच्या वाकड्यातिकड्या रेघा होत्या, डाव्या हातानं काढलेल्या. लहान मूल काढतं तसा चर्चचा मनोरा. टाकी. खांब. दहा ठिकाणी दोन दोन खुणा.

“पाच-सहा आठवडे मी गेलो नाही,” हॉब म्हणाला. “रोज बसलो की तो मला ढकलायचा. पाण्याकडे हात करायचा. गेलो नाही तर तोंड फिरवायचा. मी काय करू, तू सांग.”

ओपलनं कागद परत घडी केला. अगदी नीट, त्याच घड्यांवर. “चल,” ती म्हणाली. “त्याच्या तोंडून ऐकते.”

आम्ही तिघं गेलो. डॉयल खिडकीपाशीच होता, मांडीवर गोधडी. ओपल त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली आणि कागद त्याच्या डोळ्यांपुढे धरला.

“हे तू दिलंस ह्याला?”

“हं,” डॉयल म्हणाला.

“तुझ्या मनानं? त्यानं मागितलं नाही?”

डॉयलनं मान डोलावली, आणि मग त्याचा चेहरा उजळला. पडल्यापासून असा चेहरा मी पाहिला नव्हता. त्यानं हॉबकडे बोट केलं, खाडीच्या तोंडाकडे केलं, आणि तळहात हवेत डावीकडे सरकवला. “तिकडं,” तो म्हणाला. पुन्हा सरकवला. “तिकडं!”

हॉबनं दोन क्षण बघितलं आणि त्याला फुटलंच हसू. “अरे देवा. मी पंधरा फूट चुकलो होतो म्हणतोय! म्हणून काच बडवत होतास होय रे, हलकटा?”

डॉयल अर्ध्या तोंडानं हसला. लाळ गळली. मीही हसले, काय करणार, दिवसभराचं दडपण होतं. ओपल उठली, लाळ पुसली आणि मागच्या दारानं बाहेर गेली. थोड्या वेळानं कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला. लाकडं हॉबनं शनिवारीच फोडून रचली होती. ती फोडलेलीच पुन्हा फोडत होती.

त्यानंतर आठ दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. करायची सगळं. मक्याचा पाव दुधात कुस्करून भरवायची, रात्री दोनदा कुशीवर वळवायची, पायांना तेल लावायची. पण शब्द नाही. डॉयल तिच्या मागं मागं नजर फिरवायचा. मला बघवेना. एक दिवस ती दोरीवर चादरी घालत होती तेव्हा मी म्हटलं, “त्यानं तुझं काय वाईट केलं गं? मासेच ना शेवटी?”

तिनं तोंडातला चिमटा काढला.

“खुणा कधी सांगतात, मर्टल?”

तिनं चिमटा दोरीला लावला.

“सप्टेंबरात सांगितल्या त्यानं. मी तेव्हा रोज वीस मैल जात होते दवाखान्यात. त्याची बोटं चोळत होते, नर्सबाई म्हणाली चोळा म्हणून. त्याला म्हणत होते, वसंतात आपण मटार लावू, तू खुर्चीत बसून सांग, मी लावते. आणि तो हं हं करत होता.” तिनं चादर झटकली. “तो सप्टेंबरातच मेला. हॉबला सांगितलं. मला नाही सांगितलं.”

मी दुसरं टोक धरलं आणि चादर ताणली.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दिवस वारा पडला. दुपारी ओपल आली आणि दारातूनच हॉबला म्हणाली, “डॉयलला नावेत बसवायचंय. पाठीवर घेशील?”

“कुठं नेतेस?”

“पाण्यावर. नाव मी चालवते. तुमच्यातलं कुणी नको.”

ती काठावरच वाढलेली, नाव चालवण्यात कुणाच्या बापाला हार जाणारी नव्हती. आम्ही गेलो. डॉयलला दोन सदरे, कोट, कानटोपी घातली. पण दारापर्यंत खुर्ची नेली आणि त्यानं चौकट धरली. सोडेना.

“आता काय?” ओपल म्हणाली. आठ दिवसांतला तिचा त्याच्याशी पहिला शब्द.

तो स्वयंपाकघराकडे हात करत होता. “तिकडं.”

पाणी हवंय का? नाही. शौचाला? नाही. ती हात करील तिकडे तो मान हलवत होता. शेवटी तिनं लोखंडी चुलीवर हात ठेवला तेव्हा “हं.” चूल सकाळचीच, विझत आलेली.

“थंडी वाजतेय त्याला,” मी म्हटलं.

“बाहेर निघालोय आणि चूल पेटवायची? घरात कुणाला ऊब द्यायची, उंदरांना?”

“हं,” डॉयल म्हणाला, आणि चौकट काही सोडेना. ओपलनं पुटपुटत दोन ओंडके आत सारले, दार आपटलं, झडप उघडली. धुराड्यात आग गुरगुरायला लागली तेव्हा कुठं त्यानं हात काढला.

पाणी इतकं खाली गेलं होतं की काठापासून नावेपर्यंत साठ पावलं चिखल. मी फळ्या टाकत पुढं, मागं हॉब, त्याच्या पाठीवर डॉयल. मधेच फळी सरकली आणि हॉब गुडघ्यावर आला. डॉयलचा उजवा पाय चिखलात रुतला आणि ओढताना बूट तिथंच राहिला. बूट काढायला मी कोपरापर्यंत हात घातला. डॉयल हॉबच्या खांद्यावर तोंड लपवून होता. एकेकाळी हाच हॉबला दारू पिऊन पडला की खांद्यावर टाकून आणायचा. नावेत बसवल्यावर मी त्याचा मोजा पुसायला गेले तर त्यानं पाय ओढून घ्यायचा प्रयत्न केला, आणि पाय हलला नाही.

ओपलनं मोटर ओढली आणि ते गेले.

पुढचं मला ओपलनं सांगितलं. एकदाच सांगितलं, आणि मी पुन्हा विचारलं नाही.

तिला वाटलं होतं, त्याच्या एखाद्या ढिगावर नेऊ, त्याच्या हातात काठी देऊ. एक मासा लागला की ह्याला कळेल, आपण अजून आहोत. मग हॉबकडून कागद परत मागून घेऊ. एवढाच तिचा बेत. खाडीच्या तोंडाशी तिनं मोटर मंद केली तर डॉयल म्हणाला, “तिकडं.” पुढच्या ढिगावर थांबली तर “तिकडं.” दहाही जागा त्यानं अशाच मागं टाकायला लावल्या. शेवटी ती उघड्या पाण्यावर आली, जिथं कुणाला कधी गळ टाकताना तिनं पाहिलं नव्हतं. तिथं त्यानं हात उचलला, आणि पोरं पतंग उतरवतात तसा हळूहळू खाली आणला. “हं,” तो म्हणाला.

हा अकरावा ढीग होता. हॉबच्या कागदावर नव्हता.

ओपलनं शिसं लावलेला गळ खाली सोडला. काठीचं बूड डॉयलच्या गुडघ्यांत, मूठ त्याच्या डाव्या हातात, आणि रीळ तिच्या हातात. दोघं एकाच फळीवर, खांद्याला खांदा. थंड पाण्यातला बास ओढत नाही. दोर नुसता जड होतो, ओलं फडकं अडकल्यासारखा. तिला काहीच कळलं नाही. डॉयलनं “हं” म्हणून कोपरानं ढोसलं तेव्हा तिनं रीळ फिरवायला सुरुवात केली. तो काठी उचलायचा, ती गुंडाळायची. मासा वर आला तेव्हा ती त्याला खाली वाकून जबड्यात अंगठा घालून आत घेऊ लागली, तर ते डॉयलनंच केलं. डाव्या हातानं. चार पौंड तरी असेल. मांडीवर ठेवून त्यानं माशाच्या अंगावरून हात फिरवला आणि परत पाण्यात सोडून दिला.

“पाहिलंस?” ओपल म्हणाली. “झालं की तुला सगळं! उद्या परत येऊ. त्या हॉबला मी सांगते…”

डॉयलनं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं बोट लांब काठाकडे केलं, आणि तिच्याकडे पाहिलं. पहिली खूण.

तिला कळलं तो काय करतोय. तिनं डोळे गच्च मिटून घेतले.

“मी नाही बघणार,” ती म्हणाली. “ऐकतोयस? मला नकोत तुझ्या खुणा. इथं यायचं असेल तर तू मला घेऊन ये. पुढच्या वर्षी. त्याच्या पुढच्या वर्षी. मी नाही बघणार, डॉयल.”

वारा नव्हता, तरी पाणी हलतंच. नाव सरकायला लागली, तिला अंगाखाली जाणवत होतं. जागा हातातून चालली होती. डोळे उघडून खुणा धरल्याशिवाय नाव जागेवर आणता येणार नव्हती, आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तो थांबला. मग माशानं बुळबुळीत झालेला थंड हात तिच्या हनुवटीला लागला. जोर नव्हता त्यात. त्यानं तिचं तोंड आधी एका बाजूला वळवलं, थांबला, आणि मग हळूच दुसऱ्या बाजूला.

“तिकडं,” तो म्हणाला. “तिकडं, तिकडं.” समजूत घालतात तसा.

“मग मी उघडले,” ओपल मला म्हणाली. “काय करणार होते? नाव वाहत चालली होती.”

कुठल्या खुणा, ते तिनं सांगितलं नाही. सांगायच्या नसतातच.

डॉयल नाताळच्या नऊ दिवस आधी गेला, दुपारी, खुर्चीतच. जमीन इतकी गोठली होती की खड्डा खणताना हॉबनं पहारीचं टोक वाकवलं. दफनानंतर आमच्या घरी जेवणं झाली, बीन्स, हॅम, कुणी कुणी आणलेले केक. ओपल हॉबजवळ जाऊन म्हणाली, “खाडीच्या तोंडाशी पंधरा फूट डावीकडे. विसरू नकोस.” हॉब ताट खाली ठेवून अंगणात गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

वर्ष गेलं. पुन्हा धरणवाल्यांनी पाणी सोडलं, पुन्हा चिखल उघडा पडला. नोव्हेंबरात एका स्वच्छ दुपारी मी भांडी घासत होते तर खिडकीतून दिसलं, ओपलची नाव उघड्या पाण्यावर उभी आहे. एकटीच होती. काठी खाली धरलेली, नजर काठाकडे. अधूनमधून मान वळवून इकडं आमच्या बाजूला बघायची, आणि नाव थोडी मागं घ्यायची.

ती काय बघतेय म्हणून मी दारात गेले. आमच्या बाजूला बघण्यासारखं काय आहे? टेकडी, कुंपण, तिचं घर. त्या घराच्या धुराड्यातून धूर निघत होता, सरळ, पांढरा, चांगला पेटवून ठेवल्यासारखा. आणि घरात कुणी नव्हतं.

मी तशीच उभी राहिले, हाताला साबण. किती वर्षं तो तिथं जात असेल, आणि दर वेळी ती घरात स्वयंपाक करत असायलाच हवी होती, नाहीतर त्याला जागा सापडलीच नसती. आणि हे त्यानं तिला कधी सांगितलं नव्हतं. मला रडू आलं. माझ्यासाठी नव्हतं ते काही, पण आलं.

हॉब मागून येऊन उभा राहिला. त्याचे डोळे आता अधू झालेत, पण धूर दिसला त्याला.

“ओपलकडे कोण आलंय गं? चूल पेटलेली दिसतेय.”

“कुणी नाही,” मी म्हटलं. “विझवायची विसरली असेल.” आणि त्याला आत घेऊन दार लावून टाकलं.